शिक्षक, विद्यार्थी आणि वैद्य : डॉक्टर भाऊ दाजी लाड

वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशाचा हंगाम आला म्हणजे आमच्याकडील सुशिक्षित घरांत दुसऱ्या कोणत्याहि विषयास थारा मिळत नाहीं. मुलाला ‘नीट’ परीक्षेंत ७२० पैकीं किती गुण मिळाले, अमक्या महाविद्यालयाची यादी कितीवर थांबली, सरकारी जागा हुकली तर खाजगी जागेचे पैसे कोठून उभे करावे, ह्याच विवंचनेंत आईबापांचे दिवस जातात. ह्या ७२० गुणांपैकीं जीवशास्त्रास ३६० आणि पदार्थविज्ञान व रसायन ह्यांस १८०-१८० अशी वांटणी आहे. सर्व देशास एकच परीक्षा लागू झाल्यामुळें, निरनिराळ्या संस्थांच्या निरनिराळ्या परीक्षांपायीं उमेदवारांची जी ओढाताण होत असे ती पुष्कळ कमी झाली, हें आम्हांस मान्य आहे. म्हणून त्या परीक्षेवर सरसकट तुटून पडण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आपणांस समजलेली गोष्ट दुसऱ्यास समजावून देण्याची हातोटी उमेदवाराच्या अंगीं आहे कीं नाहीं, ह्या प्रश्नासाठीं त्या ७२० गुणांत एकहि गुण राखून ठेवलेला नाहीं. आणि वैद्याचें निम्में काम तर ह्या हातोटीवरच चालतें. अशा वेळीं, जो पुरुष प्रथम विद्यार्थी, मग शिक्षक, मग पुनः विद्यार्थी आणि शेवटीं वैद्य झाला, त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें. डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव मुंबईकरांस नवें नाहीं. परंतु भायखळ्याच्या संग्रहालयावरील पाटीपलीकडे त्यांची ओळख ज्यांस आहे असे लोक थोडेच आढळतील.

थोर विद्यार्थ्यानें लहानांस शिकवावें ही चाल आमच्या देशास परकी नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेंत वडील मुलें धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेत आणि धुळाक्षरें गिरवून घेत. पंतोजी एकटा असूनहि शाळा चाले ती ह्याच युक्तीनें. अठराव्या शतकाच्या शेवटीं अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्यानें मद्रासेंतील एका शाळेंत ह्याच तऱ्हेचा क्रम चालविला, आणि विलायतेंत परतल्यावर त्यानें तो मोठ्या गाजावाजानें तिकडे रूढ केला. तेथें त्यास मद्रासी पद्धति असें नांवहि पडलें. आमचीच वस्तु सातासमुद्रांपलीकडचा शिक्का घेऊन परत येईपर्यंत आम्हांस तिची किंमत कळूं नये, असें पुष्कळदां घडतें. हें त्यांतलेंच एक उदाहरण होय.

भाऊंचें खरें नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरांत त्यांस भाऊ म्हणत व वडिलांस दाजी म्हणत, आणि ह्या दोन घरगुती नांवांचा जोड पुढें सर्व मुंबई इलाख्यांत व विलायतेंतील पंडितसभांतहि प्रसिद्ध झाला. गेल्याच्या आधल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत गोव्यांतील पेडणें महालांत एका गरीब सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. हें कुटुंब पोटापाण्यासाठीं मुंबईस आलें. मुलगा बुद्धिबळ विलक्षण चतुराईनें खेळतो असें एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडलें, आणि ह्यास इंग्रजी शिक्षण द्या असा त्यानें वडिलांच्या मागें आग्रह धरला, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पटावरची चाल पाहून मुलाची पारख करणारा भेटला हें भाऊंचें भाग्य. परंतु ज्यांची पारख करणारा कोणी भेटलाच नाहीं अशीं किती मुलें त्याच गल्लींत वाढून तशींच राहिलीं असतील, हा विचार समाजाची चिंता वाहणाऱ्यांनीं सोडतां कामा नये.

भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकले. गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेब १८२७ सालीं मुंबई सोडून निघाले तेव्हां शहरांतील लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ जी वर्गणी जमविली तींतून ह्या विद्यालयाचा उगम आहे. पुतळा उभारून स्वस्थ न बसतां अध्यापक नेमण्यासाठीं पैसा द्यावा, हें त्या काळच्या शेट-सावकारांस सुचलें ही त्यांच्या शहाणपणाची साक्ष होय. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे येथेंच अध्यापनास होते, आणि गोऱ्या अध्यापकांच्या बरोबरीनें एतद्देशीय मनुष्य उच्च विषय शिकवूं शकतो हें त्यांनीं स्वतःच्या उदाहरणानें सिद्ध केलें. ह्या विद्यालयाची एक रीत अशी कीं, जो विद्यार्थी चांगला निघे त्यासच पुढें सहाय्यक शिक्षक नेमीत. दादाभाई नौरोजी हे ह्याच पायरीनें चढले. विद्यार्थ्याचे सहाय्यक शिक्षक, आणि शिक्षकाचे पुढें गणिताचे प्राध्यापक झाले. भाऊंसहि अशीच सहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

ह्याच सुमारास त्यांनीं आणखी एक काम केलें. गुजराथ-काठेवाडांतील जाडेजा व इतर रजपूत कुळांत जन्मतः मुलीचा जीव घेण्याची दुष्ट चाल होती. ती मोडावी म्हणून मुंबई सरकारनें निबंधास बक्षीस लाविलें होतें. तें भाऊंनीं मिळविलें, आणि तो निबंध १८४७ सालीं छापून प्रसिद्ध झाला. ज्याच्या हातीं पुढें मनुष्याचे प्राण यावयाचे होते त्याच्या लेखणीचें पहिलें मोठें काम निरपराध बालिकांच्या प्राणांची वकिली करण्याचें असावें, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

येथपर्यंत भाऊंचा मार्ग सुखाचा होता. विद्यालयांत मानाची जागा, विद्वानांची संगत, आणि दादाभाईंप्रमाणें वर चढण्याची आशा. मध्यमस्थितींतील घरास ह्याहून अधिक काय हवें? परंतु १८४५ सालीं मुंबईंत वैद्यकीय महाविद्यालय उघडलें, आणि भाऊंनीं शिक्षकाची खुर्ची सोडून पुनः विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचें ठरविलें.

ह्या निर्णयाचें मोल कळण्यास त्या महाविद्यालयाची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सरकारनें १८२६ सालीं मुंबईंत एक वैद्यकशाळा काढली होती व तींत देशी भाषांतून शिक्षण देत असत. पण ती सहा वर्षांतच, म्हणजे १८३२ सालीं, बंद पडली. पुढें गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट ह्यांनीं वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न पुनः हातीं घेतला. पण १८३८ सालीं ते निवर्तले. तेव्हां त्यांचें स्मारक म्हणून लोकांनीं वर्गणी केली, सरकारनें भर घातली, आणि सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनीं रुग्णालयासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले. रुग्णालय आणि महाविद्यालय हीं शेजारीं शेजारीं उभीं राहून १८४५ सालीं दोहोंचें काम सुरू झालें. डॉक्टर चार्ल्स मोरहेड हे पहिले मुख्याध्यापक झाले. व्यापाऱ्याच्या पैशानें बांधलेल्या रुग्णालयाच्या खाटेशीं उभें राहून विद्यार्थ्यानें रोग ओळखावयास शिकावें, ही योजना त्या काळीं आमच्या इलाख्यांत अगदीं नवीन होती.

तरी अडचण पैशाची नव्हती; ती आमच्या मनांत होती. प्रेतास शिवल्यास स्नान करावें, मग प्रेत चिरून पाहणें तर दूरच, अशी ज्या समाजाची समजूत त्या समाजांतील ब्राह्मणाच्या मुलानें शवविच्छेदनाच्या खोलींत पाऊल टाकावें, ह्याला केवळ बुद्धि पुरत नव्हती. छाती लागत होती. कलकत्त्यास ह्या भिंतीस पहिलें भगदाड १८३६ सालीं पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनीं पाडलें होतें. हे गुप्त आधीं संस्कृत पाठशाळेंत आयुर्वेदाचे अध्यापक होते, आणि नव्या वैद्यकविद्यालयांत शिकविण्यास येऊनहि पुढें १८४० सालीं त्यांनीं स्वतः तेथील परीक्षा दिली. शिकविणाऱ्यानें परीक्षेस बसण्यांत कमीपणा मानूं नये हा धडा कलकत्त्यानें घालून दिला होता, आणि मुंबईंत भाऊंनीं तोच गिरविला. आमच्या लोकांस मोठेपणा मिळाल्यावर शिकणें म्हणजे मानहानि वाटते. चाळिशीच्या आंत मिळालेल्या एका पदवीवर उरलेलें आयुष्य रेटण्याची जी संवय आमच्या सुशिक्षितांस जडली आहे, तिच्या मुळाशीं हीच खोटी अब्रू आहे.

ह्या महाविद्यालयांतून पहिले पदवीधर १८५१ च्या सुमारास बाहेर पडले, त्यांत भाऊ होते. त्यांचे सोबती कसे होते पाहा. एक आत्माराम पांडुरंग, ज्यांच्या घरीं व पुढाकारानें १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापन झाला; दुसरे डॉक्टर लिस्बोआ, ज्यांचें नांव मुंबई इलाख्यांतील वनस्पतींच्या अभ्यासाशीं जोडलें गेलें. म्हणजे रोग्याची नाडी पाहण्याबरोबर समाजाची नाडीहि पाहावी, आणि औषधाच्या बाटलीबरोबर रानांतील झाडहि ओळखावें, अशी ही पहिली पिढी होती.

भाऊंनीं सरकारी नोकरीची वाट न धरतां मुंबईंत स्वतंत्र धंदा मांडला, आणि थोड्याच वर्षांत त्यांचें नांव शहरभर झालें. त्यांचे बंधु नारायण दाजी हेहि डॉक्टर झाले. श्रीमंतांकडून मिळालेल्या पैशाच्या बळावर गरिबांस फुकट औषध देण्याचा प्रघात ह्या बंधूंनीं ठेविला. परंतु नुसत्या विलायती औषधांवर विसंबणें भाऊंच्या स्वभावांत नव्हतें. ते संस्कृत वैद्यकग्रंथ वाचीत, आणि त्यांत ज्या औषधींची अचाट स्तुति आहे त्या खरोखरच गुणकारी आहेत काय हें रोग्यावर तपासून पाहत. ग्रंथांत लिहिलें म्हणून खरें मानावयाचें नाहीं, आणि आमच्या ग्रंथांत लिहिलें म्हणून खोटेंहि मानावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा होता. कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा महारोगावर त्यांनीं केलेला उपयोग ह्याच वृत्तीचें फळ होय. त्या जातीच्या बियांचें तेल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महारोगावर जगभर वापरीत असत. पुढें अधिक गुणकारी औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. आपल्या प्रयोगाची सांगोपांग हकीकत जगापुढें मांडण्यापूर्वींच भाऊंस मृत्यूनें गांठलें, ही मात्र विद्येची हानि झाली. जें ज्ञान एकाच्याच उराशीं राहतें तें त्याच्याबरोबर चितेवर चढतें. शिक्षकाचा पिंड असलेल्या मनुष्याच्याहि बाबतींत असें घडूं शकतें, ह्यावरून लिहून ठेवण्याचें महत्त्व आमच्या आजच्या वैद्यांनीं ओळखावें.

शिक्षकाची वृत्ति त्यांना शेवटपर्यंत सुटली नाहीं. एल्फिन्स्टन विद्यालयांतील तरुणांनीं १८४८ सालीं विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा काढली, आणि पुढल्याच वर्षीं ह्या सभेनें मुंबईंत मुलींच्या शाळा उघडल्या. ह्या शाळांस आरंभीं पगारी शिक्षक नव्हते. सभेचे तरुण सभासद सकाळीं आपलें स्वतःचें काम सुरू होण्यापूर्वीं जाऊन मुलींस विनावेतन शिकवीत. आज ज्यास विद्यार्थ्यांचें अध्यापनकार्य म्हणून नवी कल्पना मानतात ती कल्पना गिरगांव-काळबादेवीच्या दिवाणखान्यांत पावणेदोनशें वर्षांपूर्वीं अशी राबत होती. आणि तीहि अशा काळीं कीं मुलीच्या हातांत पाटी दिली तर ती विधवा होईल असें सांगणारे शहाणे गल्लोगल्लीं होते. भाऊ पुढें ह्या सभेचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या मित्रांनीं निधि जमवून एका मुलींच्या शाळेस त्यांचें नांव दिलें. शिक्षणमंडळांत त्यांची नेमणूक झाली, आणि १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तेव्हां त्याच्या पहिल्या फेलोंत त्यांची गणना होती.

त्यांच्या आयुष्यांतील ज्या प्रसंगाकडे आम्ही कायद्याच्या धंद्यांतील लोक विशेष आदरानें पाहतों तो १८६२ सालचा. ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मूळजी ह्यांनीं वल्लभसंप्रदायाच्या कांहीं महाराजांच्या अनीतीवर लेख लिहिला. त्यावरून जदुनाथजी महाराजांनीं सुप्रीम कोर्टांत अब्रूनुकसानीची पन्नास हजार रुपयांची फिर्याद केली. संप्रदायाचे अनुयायी म्हणजे मुंबईंतील मातब्बर भाटिये व वाणी व्यापारी. ह्यांच्यांतला एकेक असामी म्हणजे कोणाहि डॉक्टराच्या धंद्याचा आधारस्तंभ. असें असतां भाऊ साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभे राहिले आणि वैद्य ह्या नात्यानें महाराजांच्या आचरणाविषयीं व रोगांविषयीं आपणांस जें ठाऊक होतें तें शपथेवर सांगितलें. रोग्याचें गुपित राखणें हा वैद्याचा धर्म आहे, हें आम्ही जाणतों, आणि तो धर्म हलक्या हातानें मोडावा असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु ज्या रोगाच्या मुळाशीं कुलीन स्त्रियांची धर्माच्या नांवाखालीं होणारी नाडणूक आहे, आणि ज्याविषयीं न्यायासन शपथ घालून विचारतें, तेथें मौन धरणें म्हणजे अपराध्याच्या बाजूस उभें राहणेंच होय. करसनदास मुख्य आरोपांतून सुटले. भाऊंचा पैशाचा तोटा किती झाला त्याचा हिशेब आम्ही करीत नाहीं. पण सत्याच्या बाजूस एक वजनदार वैद्य उभा राहिला ह्याचा लाभ सर्व समाजास झाला.

राजकारणांतहि ते मागें राहिले नाहींत. १८५२ सालीं बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हां भाऊ तिचे एक चिटणीस होते, आणि कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटापुढें आला असतां ह्या सभेनें इकडील रयतेचीं गाऱ्हाणीं अर्जाच्या रूपानें विलायतेस पाठविलीं. काँग्रेसच्या जन्मास तेव्हां तेहतीस वर्षें अवकाश होता. मुंबईचे शेरीफ होण्याचा मान त्यांस १८६९ व १८७१ असा दोनदां मिळाला. विद्वत्तेच्या क्षेत्रांत त्यांनीं महाकवि कालिदासाच्या काळाचा विचार केला, अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचले, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ह्यांच्या काळनिर्णयावर १८६५ सालीं विलायतेच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत लेख लिहिला, आणि जुन्या नाण्यांचा मोठा संग्रह केला. त्यांचे निबंध १८८८ सालीं कलकत्त्यास पुस्तकरूपानें निघाले. रोगी पाहून उरलेल्या वेळांत एवढें काम उभें राहिलें, हें वेळ नाहीं म्हणून रडणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या व्यापारी वाचकांसाठीं आणखी एक गोष्ट सांगणें जरूर आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढून मुंबईंत शेअरांचें वेड माजलें, आणि १८६५ सालीं तो फुगा फुटला. त्यांत भाऊंचीहि कमाई बुडाली. शिलालेखांतील पुसट अक्षर ओळखणारी दृष्टि शेअरच्या कागदावरील ठळक आंकड्यांस फसली! थोर पुरुषांचे दोष झांकून चरित्र लिहिण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. ज्याला जें येतें तेंच त्यानें करावें, आणि फुकटच्या पैशाच्या मागें बुद्धिमानानेंहि लागूं नये, हा ह्यांतील बोध आहे.

१८७४ च्या मे महिन्यांत भाऊंचा अंत झाला. पन्नाशीच्या आसपास आयुष्य संपलें, पण त्यांचें काम संपलें नाहीं. भायखळ्याचें जें व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें, त्यासाठीं जगन्नाथ शंकरशेट व डॉक्टर बर्डवुड ह्यांच्यासह भाऊंनीं झीज सोसली होती. राणीचें नांव जाऊन १८७५ नव्हे, तर १९७५ सालीं, म्हणजे स्वराज्य मिळून अठ्ठावीस वर्षांनीं, त्यास भाऊंचें नांव मिळालें. उशीर झाला, पण न्याय झाला.

आतां ह्या चरित्राचा आजच्या प्रश्नाशीं संबंध काय तें सांगून हा लेख आटोपतों. अमेरिकेंत वैद्यकीय शाळेकडे अर्ज करणारा तरुण आधीं पदवीचें शिक्षण घेतो. पदवीच्या अभ्यासांत असतांनाच खालच्या वर्गांस प्रयोगशाळेंत मदत करणें, शंका सोडविणें, अशीं सहाय्यक अध्यापकाचीं कामें पुष्कळ विद्यार्थी करतात. अर्जांत अशीं पंधरापर्यंत कामें नोंदण्यास जागा असते, आणि अध्यापन हें त्यांतील एक स्वतंत्र सदर आहे. ही रीत जशीच्या तशी इकडे आणावी काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. प्रवेशाच्या गुणांत अध्यापनाच्या दाखल्याचे गुण मिळविले, तर दुसऱ्याच वर्षीं त्या दाखल्यांचा बाजार भरेल, आणि ज्याच्या बापाकडे पैसा व ओळख आहे त्याच्या मुलानें एकहि तास न शिकवितां शंभर तास शिकविल्याचा कागद तयार होईल. कायद्याच्या धंद्यांत आम्हीं इतके दाखले पाहिले आहेत कीं, कागदावरील सेवेवर आमचा विश्वास बसत नाहीं.

तेव्हां ही गोष्ट प्रवेशाच्या दारांत न ठेवतां दाराच्या आंत ठेवावी. वैद्यकीय अभ्यासक्रमांत २०१९ सालापासून वृत्ति, नीति व संभाषण ह्यांच्या शिक्षणास जागा दिली आहे, हें योग्यच झालें. त्याच्या जोडीस, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पहिल्या वर्षाच्या मुलांस, विशेषतः मराठी शाळेंतून आलेल्या व इंग्रजी ग्रंथांपुढें बावरलेल्या मुलांस, अध्यापकांच्या देखरेखीखालीं नेमानें शिकवावें. इतर महाविद्यालयांसहि हेंच लागू आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं कमवा आणि शिका हा मंत्र महाराष्ट्रास दिला, आणि आमच्या विद्यापीठांतून त्या नांवाच्या योजना चालूहि आहेत. त्या योजनेंतील तास केवळ कचेरींतील कागद लावण्यांत न घालवितां कांहीं तास खालच्या वर्गांस शिकविण्यांत घालवावे, म्हणजे गरीब विद्यार्थ्यास चार पैसे मिळतील, शिकणाऱ्यास मदत होईल, आणि शिकविणाऱ्याची विद्या पक्की होईल. शिकविण्यांत विद्यार्थ्याचा वेळ फुकट जातो असें आक्षेपक म्हणतील. त्यांस आम्ही इतकेंच सांगतों कीं, जें आपणांस समजलें आहे असें वाटत असतें तें खरोखर समजलें आहे कीं नाहीं, हें मागच्या बाकावरील मुलाच्या पहिल्याच प्रश्नानें कळतें. आणि ती परीक्षा रोग्याच्या खाटेशीं होण्यापेक्षां वर्गांत झालेली बरी.

सरकार हें करील तेव्हां करो. मुंबईंतील जुन्या शेट-सावकारांनीं सरकारची वाट पाहिली नाहीं. त्यांनीं वर्गण्या केल्या आणि विद्यालयें व रुग्णालयें उभीं राहिलीं. आमच्या गांवोगांवच्या व्यापारी मंडळांनीं आपल्या दुकानाच्या वर्धापनदिनीं जो खर्च करावयाचा त्यांतील थोडासा भाग काढून, जो गरीब विद्यार्थी आपल्याहून लहानांस शिकवील त्यास शिष्यवृत्ति द्यावी. मूल हुशार आहे म्हणून एकदां बक्षीस देण्यापेक्षां, तें दुसऱ्यास हुशार करतें म्हणून दरमहा मदत देणें हें अधिक फायद्याचें भांडवल आहे. बुद्धिबळाच्या पटावर एका पोराची पारख एका परक्या माणसानें केली, आणि त्यापासून आम्हांस भाऊ दाजी मिळाले. आतां पारख करणारे आपलेच असावे, आणि ते पुष्कळ असावे, एवढीच आमची मागणी आहे.